मॉरिसच्या बैलाचं वशिंड

आईवडिलांनी नाव ठेवलं प्रसन्न, आणि माणूस निघाला असा, की चुकून हसला तर शेजारी विचारायला येतील, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. रत्नागिरीकडचा आगाशे. बोलणं थोडं, आणि जे काही ते तक्रारीचं. चहात साखर जास्त, पंखा फार जोरात, बस उशिरा. ह्या परमुलखातल्या बेटावर, क्लेमेंटीतल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये दोन-तीन मराठी घरं होती. लिफ्टमध्ये हा दिसला की ते लोक मोबाइल बघायला लागायचे. त्याची बायको शुभदा सगळ्यांना समजावून थकली होती. "रागावलेला नसतो हो तो," ती म्हणायची, "चेहराच तसा आहे, त्याला तो तरी काय करणार."

पण ह्या तिरसट माणसाच्या हातात काय होतं ते बघायला बुकित बातोकला लिमच्या वर्कशॉपमध्ये जायला हवं होतं. लिम जुन्या मोटारी दुरुस्त करायचा. पत्रा ठोकायचा, गंज कापायचा, रंग मारायचा. पण जुन्या गाडीला रंग द्यायचा तर आधी तिच्या अंगावरचे दागिने उतरवावे लागतात. दारावरची चकचकीत पट्टी, काचेभोवतीची चौकट, नावाची अक्षरं, बॉनेटवरचा बिल्ला. चाळीस-पन्नास वर्षांत हे सगळं ठिसूळ होऊन बसलेलं असतं. पट्टी एकदा वाकली की तिची सुरकुती जन्मात जात नाही. अक्षरामागची खुंटी मोडली की ते अक्षर गेलं भंगारात, आणि बाजारात दुसरं मिळत नाही. लिमसारखा धिप्पाड गडी हातोडा घेऊन कशालाही भिडेल, पण पट्टीला हात लावायची त्याची छाती नव्हती. ते काम प्रसन्नचं.

तो आधी रंगावर कागदी टेप चिकटवायचा, ओरखडा उठू नये म्हणून. मग शुभदाच्या जुन्या हेअर ड्रायरने पट्टी जराशी ऊन करायची. मग पाचर. त्याच्या पाचरी त्याने स्वतः घासून केल्या होत्या, काही बांबूच्या, काही शुभदाच्या नायलॉनच्या उलथन्याच्या. "माझ्या स्वयंपाकघरात उलथनं टिकत नाही," ती कुरकुरायची, पण नवं आणताना दोन आणायची. पाचर पट्टीखाली सरकवायची आणि थांबायचं. आतली क्लिप सैल झाली की पट्टी कण्हते, असं त्याचं म्हणणं. आता गंमत बघा, ह्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने जेमतेम. ते कण्हणं तो बोटांनी ऐकायचा.

कान गेले जहाजावर. इंजिन रूमच्या आवाजात बावीस-तेविसाव्या वर्षापासून काढलेली उमर, आवाज अडवायला कानांवर झाकणं घालणं तेव्हा बायकी समजायचे. चाळिशी ओलांडली आणि मेडिकलमध्ये डॉक्टरने मान हलवली. सेकंड इंजिनिअर आगाशे जमिनीवर आला तो कायमचा. शुभदाला हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सची नोकरी होती, त्यामुळे चूल विझली नाही, पण हा माणूस विझला. दिवसभर खिडकीशी बसायचा. लांबवर समुद्राची एक पट्टी दिसायची, तिच्याकडेही पाठ करून बसायचा.

त्याला त्या खुर्चीतून उठवलं कॅप्टन श्रीनिवास बापटांनी. प्रसन्न पोरसवदा होता तेव्हा तो त्यांच्याच जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होता. कॅप्टन निवृत्त होऊन इथंच राहिले होते, आणि त्यांच्याकडे एक फिकट हिरवी मॉरिस मायनर होती. मुलं परदेशी, म्हणून सगळा जीव त्या गाडीवर. एक दिवस ते येऊन म्हणाले, "दाराची पट्टी सैल झालीय. लिमकडे न्यायची आहे. तू चल, माझा त्याच्या हातोड्यावर विश्वास नाही." प्रसन्न कुरकुरत गेला, आणि संध्याकाळपर्यंत त्याने ती पट्टी एकही सुरकुती न पाडता उतरवून, सरळ करून, परत बसवली. लिम तोंड उघडं टाकून बघत होता. "यू कम टुमॉरो, कॅन?" त्याने विचारलं. ह्याने तोंड उघडायच्या आत कॅप्टनच म्हणाले, "कॅन, कॅन." अशी ही दुसरी नोकरी. नोकरी कसली, दुसरा जन्मच म्हणा.

त्या मॉरिसच्या बॉनेटवर एक बिल्ला होता, आणि ही सगळी हकीकत त्या बिल्ल्याची आहे. तळहातात मावेल एवढा, जस्ताच्या ओतीव धातूचा, वर मिनाकाम. पाण्याच्या लाटा आणि त्यातून चालणारा तांबडा बैल. साहेबाच्या देशातला बैल, सपाट पाठीचा. पण बैल तो बैल. कॅप्टनच्या पत्नी सरोजिनीवहिनींनी गाडी घरी आली त्याच दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं. "इतक्या लांब आपल्या दारात नंदी आलाय, त्याला कोरडा ठेवू?" त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर दसऱ्याला चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार आणि बैलाच्या कपाळी तेलात कालवलेलं कुंकू. वर्षांमागून वर्षं तो थर वाढत गेला. बैल कुठे संपतो आणि कुंकू कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं.

एका दसऱ्याला, प्रसन्नची नोकरी नवी नवी असताना, जहाज इथंच बंदरात होतं आणि कॅप्टननी त्याला घरी जेवायला बोलावलं. वहिनी कुंकू लावायला गेल्या तर बिल्ला हलला. झालं. जहाजावरच्या माणसाला एकच रोग असतो, काही हललं की ते आवळायचं. प्रसन्न जेवण अर्धं टाकून बंदरावर गेला आणि पाइप गळला की भरतात ती दोन नळ्यांची एपॉक्सी घेऊन आला. बिल्ल्याच्या पाठीला ती चांगली चोपडली, आतून नटही तिच्यातच बुडवले, आणि हात पुसत म्हणाला, "आता हा जन्मात निघणार नाही." कॅप्टन खूश. पुढं कित्येक वर्षं ते पाहुण्यांना सांगायचे, "प्रसन्नने चिकटवलाय. गाडी जाईल एक वेळ, बैल जायचा नाही."

दोन हजार सातच्या सुरुवातीला कॅप्टनच गेले.

सरोजिनीवहिनी आता पंचाहत्तरीला टेकलेल्या. मुलगी पर्थला, ती म्हणाली आई आता एकटी राहायचं नाही. घर विकायचं ठरलं. मॉरिस खाडीपलीकडच्या जोहोरमधल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने घेतली. तो तिला लाल रंग देणार होता आणि नवे बिल्ले त्याच्याजवळ होते. म्हणून वहिनींनी एवढंच मागितलं, की बैल मला काढून द्या. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रसन्नला फोन केला. "मला ते सामानसुमान काही न्यायचं नाही रे. माझा बैल तेवढा दे. खंडेनवमीला तुमच्याकडे येईन, तुझ्या हत्यारांबरोबर त्याचीही पूजा करू, आणि मग मी जाईन."

"देतो," प्रसन्न म्हणाला. फोन ठेवताना त्याने उजवा हात खिशात घातला.

तर हा उजवा हात. वर्ष झालं होतं. आधी नुसता अंगठा, मग अंगठा आणि शेजारचं बोट, जपमाळ ओढावी तसं आपलं आपण हलायचं. म्हातारपण म्हणावं तर माणूस साठीचाही नव्हता. पण त्या हाताची एक खोड होती. कामात असला की शहाणा आणि रिकामा झाला की वेडा. पाचर धरली, मासेमारीची तंगूस ओढली, स्क्रू फिरवला, की अगदी पूर्वीचा हात. हत्यार खाली ठेवलं, मांडीवर हात टाकला, की सुरू. त्यामुळे लिमला पत्ता लागला नव्हता. प्रसन्न हात रिकामा ठेवायचाच नाही. काही नसलं तर फडकं तरी धरायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पॉलिक्लिनिक, म्हणजे सरकारी दवाखाना, त्याच्या बसथांब्यासमोरच होतं, रोज दिसायचं. रोज तो बसच्या दुसऱ्या बाजूला बसायचा.

शुभदाला ठाऊक नव्हतं का? नवरा-बायको एका पलंगावर झोपतात, ठाऊक नसायला काय झालं. पण ती बोलली नाही. तिने काय केलं, तर कपबशी बंद करून जाड मग आणले, आणि त्याचा चहा अर्धाच भरायला लागली. "चहापण आता रेशनवर का?" तो कुरकुरायचा. "दूध कमी होतं," ती म्हणायची, आणि उरलेला चहा मोरीत ओतायची. आपल्याला वाटतं आपण माणसाला जपतोय. तिलाही तसंच वाटत होतं.

बैलाचं काम हातात घेतलं त्या दिवशी प्रसन्नने मनाशी एक गोष्ट ठरवली, आणि ती कुणालाही सांगितली नाही. हा बैल धड निघाला तर हात अजून आपला आहे. मग बाकीचं बोट हललं काय आणि मान हलली काय. आणि नाही निघाला तर समजायचं. काय समजायचं ते त्याने मनातसुद्धा पूर्ण केलं नाही. खिडकीजवळची ती खुर्ची अजून घरात होती.

मॉरिस वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात उभी केली होती. पहिले काही दिवस त्याने बिल्ल्याला हातच लावला नाही. नुसतं कुंकू काढलं. दाताच्या ब्रशने, कोमट पाण्याने, कडेकडेने. वर्षावर्षांचे थर निघत गेले, तांबडे, मग काळपट, मग पुन्हा तांबडे. खाली बैल अगदी ताजा होता. एवढ्या वर्षांत त्याला ऊन लागलंच नव्हतं. प्रसन्न बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. हा बैल त्यानेसुद्धा आधी कधी धड पाहिला नव्हता.

मग बॉनेट उघडून आतून नटांची वाट. ते एपॉक्सीत बुडालेले. ऊन करायचं, टोकदार सुईने कण कण उकरायचं, तेलाचा थेंब सोडायचा, झाकण लावून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंचविशीतल्या स्वतःला त्याने त्या दिवसांत मनसोक्त शिव्या घातल्या. "गाढवा, नट कोण बुडवतं?" तो पुटपुटायचा. लिम मागून विचारायचा, "हू यू स्कोल्डिंग?" हा मान हलवायचा, कोणी नाही. एकदा उकरताना त्या कडक राखाडी थरात त्याला बोटाचा ठसा दिसला, त्याचाच, तरुण, ठसठशीत, जरासुद्धा न हललेला. त्यावर सुई लावायला त्याला जड गेलं. पण लावली.

नवरात्र बसलं आणि नट सुटले. आता राहिला बिल्ल्याच्या पाठीचा थर. तिथे पाचर चालत नाही, मिना तडकतो. तिथे तंगूस. मासे पकडायची बारीक नायलॉनची दोरी बिल्ल्यामागे घालायची, दोन्ही टोकं दोन हातांना गुंडाळायची आणि करवतीसारखी ओढत राहायचं, इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. मधेमधे ऊन द्यायचं. तंगूस तापून तुटते, मग नवी. बोटांना चरे पडतात. घाई केली की संपलं. प्रसन्नचा हात त्या दिवसांत इतका सरळ चालत होता की त्याला स्वतःच्या शंकेची लाज वाटायला लागली. घरी येऊन तो एकदा चक्क म्हणाला, "आमटी बरी झालीय." शुभदा उठून बघायला गेली, की आपण मीठ विसरलो का.

खंडेनवमीला दोनच दिवस होते. दुपारची वेळ, बाहेर दमट, भाजणारं ऊन. तंगूस ओढता ओढता एकाएकी हलकी झाली, आणि बिल्ला सुटून त्याच्या डाव्या तळहातात आला. अख्खा. दोन्ही खुंट्या शाबूत, कडा शाबूत, मिन्याला केसाएवढीही चीर नाही. त्याने तो उजव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला, उलटासुलटा करून पाहिला. लिमला हाक मारली, "लिम, सी." लिम फडक्याला हात पुसत आला आणि म्हणाला, "वाह, प्रासान. लाइक न्यू."

आणि प्रसन्न हसला. खरोखर हसला. भिंतीला पाठ टेकून स्टुलावर बसला, उघड्या तळहातावर बैल, हात मांडीवर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो हात काही करत नव्हता.

अंगठा हलला. मग बोट. मग मनगटच उडालं. डावा हात पुढे येईतो बैल मांडीवरून घसरला आणि सिमेंटच्या फरशीवर कडेवर आपटला. आवाज अगदी बारीक झाला. त्याला तर तो ऐकूसुद्धा आला नाही, त्याने फक्त पाहिलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथं कर्मही नव्हतं हो, नुसतं एक मनगट.

लिम तांबड्या कपच्यांकडे बघत राहिला, मग प्रसन्नच्या हाताकडे. तो हात अजून हलत होता, आणि ह्या वेळी फडकं जवळ नव्हतं. पलीकडे जाऊन लिमने रेडिओचा आवाज वाढवला आणि उगीचच एक दार घासायला घेतलं. प्रसन्नने गुडघ्यावर बसून कपच्या वेचल्या, डब्याच्या झाकणात ठेवल्या, झाकण रुमालात बांधलं, आणि बस पकडली.

शुभदा हार्बरफ्रंटहून आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर रुमाल सोडलेला. डोकं आणि पुढचे पाय जागेवर होते. खांद्यापासून शेपटीपर्यंतचा बैल उडाला होता. बराचसा चुरा झाला होता, आणि मागची धातूची चौकटही तिरकी तडकली होती.

"पडला," तो म्हणाला.

"कशाने?"

"हातातून."

ती पर्स खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. आता एखादी बाई रडली असती, एखादी म्हणाली असती, मला केव्हाचं माहीत होतं. शुभदा म्हणाली, "चिकटवता येईल ना?"

येईल. दुरुस्ती हेही त्याचंच काम होतं. दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपला गेलाच नाही, शुभदानेही रजा टाकली. चौकटीची चीर त्याने पुन्हा एपॉक्सीनेच जोडली. जिथं मिना उडाला होता तिथं भेगा बुजवायची बारीक लांबी भरली, घासून सपाट केली. इथपर्यंत हात शहाणा होता, काम चालू होतं ना. राहिला रंग. तांबडा रंग बारीक कुंचल्याने भरायचा, आणि त्याला हात चालवावा लागत नाही, धरावा लागतो. त्याने कुंचला टेकवायच्या आधीच टोक थरथरायला लागलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं. तांबड्याचा एक ठिपका लाटांवर पडला.

"दे इकडे," शुभदा म्हणाली.

"तुला जमायचं नाही."

"दारात दर दिवाळीला रांगोळी कोण काढतं? तुझा लिम?"

त्याने कुंचला दिला. पंधरा वर्षांत त्याने आपलं हत्यार कुणाच्या हातात दिलं नव्हतं. शेजारी बसून तो सांगत राहिला, जाड नको, कडेला जाऊ नको, श्वास धर. ती हूं हूं करत होती. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. थोड्या वेळाने त्याचं सांगणं बंद पडलं. तो बैलाकडे बघत नव्हता, तिच्या हाताकडे बघत होता. असा आपला होता, एवढंच त्याच्या मनात येत होतं, आणि त्याला तिचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली, पण आधी राग आला हे खरं.

रंग वाळायला ठेवला आणि खंडेनवमीच्या सकाळी त्याने चष्मा लावून पाहिला तर बैलाला वशिंड. चांगलं उंच, टेकाडासारखं वशिंड. सपाट भरलेल्या लांबीवर शुभदाने मनातला बैल काढला होता, आणि सासवडकडच्या बाईच्या मनात दुसरा कुठला बैल असणार? पोळ्याला मातीचा आणून पुजतात तोच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शुभदाने तोंडावर हात ठेवला. "पुसू का? पुन्हा काढते," ती म्हणाली. पण आता पुसलं तर ओला रंग घेऊन पूजा करावी लागली असती, आणि वहिनी निघाल्या होत्या.

देवघराखाली पाट मांडला. शुभदाने हत्यारं धुऊन पुसून ओळीने ठेवली. बांबूच्या पाचरी, उलथन्याच्या पाचरी, सुया, तंगुशीचं रीळ, हेअर ड्रायरसुद्धा. मधे बैल. सरोजिनीवहिनी आल्या, पांढऱ्या सुती साडीत, हातात झेंडूची पुडी. टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "बघू माझा बैल."

शुभदाने तो त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो डोळ्यांजवळ नेला. मग अंगठा फिरवला, डोक्यावरून मानेवर, मानेवरून खांद्यावर, आणि अंगठा तिथं थांबला.

"ह्याला वशिंड कुठून आलं गं?"

शुभदा म्हणणार होती, माझ्याकडून झालं, तिने तोंड उघडलंही. पण प्रसन्न आधी बोलला. "माझ्या हातून पडला, वहिनी. निघाला होता अख्खा. मग पडला. रंग हिने भरला. माझ्याच्याने भरवेना." एवढं बोलताना त्याने हात खिशात घातला नाही. तो मांडीवर होता आणि हलत होता, आणि तिघं त्याच्याकडे बघत होती.

"किती दिवस झाले?" वहिनींनी विचारलं.

"वर्ष."

"डॉक्टर?"

त्याने नकारार्थी मान हलवली. वहिनी शुभदाकडे वळल्या. "आमच्या ह्यांचे डोळे गेले होते. शेवटची दोन वर्षं. तुम्हाला कुणाला माहीत नाही ते. जुनी गाडी वर्षातून थोडेच दिवस रस्त्यावर काढायची सरकारी परवानगी, पण त्या दिवसांत ती काढायचीच. मी शेजारी बसायचे आणि म्हणायचे, सिग्नल लाल झाला वाटतं. डावीकडे सायकलवाला किती हळू चाललाय बघा. ते म्हणायचे, दिसतंय मला. दोघांनाही ठाऊक होतं की दिसत नाही. देवाची कृपा, कुणी चाकाखाली आलं नाही. मी त्याला प्रेम समजत होते." त्यांनी बैल पाटावर ठेवला. "भित्रेपणा होता गं नुसता. दोघांचा. मेल्यावर कळलं, की त्या दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी खरं असं एकदाही बोललो नाही."

शुभदाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. तिने कुंकवाचा करंडा उघडून वहिनींपुढे धरला. वहिनी मागे सरकल्या, "मी नको आता, तूच लाव." "तुमचा बैल आहे, तुम्हीच लावायचं," शुभदा म्हणाली, आणि करंडा तसाच धरून राहिली. शेवटी वहिनींनी बोट बुडवलं आणि कुंकू लावलं, कपाळी नाही, बरोबर त्या वशिंडावर. "मूळचा कसा होता ते मला तरी कुठं आठवतंय," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मी तो कुंकवाबाहेर पाहिलाच नाही." मग त्यांनी एकेका पाचरीला कुंकू लावलं, प्रत्येकीला, आणि तो बघत राहिला.

दसऱ्याला वहिनींनी बैल पदरात गुंडाळून नेला. त्याच आठवड्यात त्या पर्थला गेल्या. मॉरिस कॉजवेच्या पुलावरून जोहोरला गेली, बॉनेटला दोन भोकं आणि मधे फिकट हिरव्यापेक्षा जरा गडद असा एक गोल.

पूजा हलवली की हत्यारं परत कामाला घ्यायची, अशी रीत. इथं पूजा हलवायलाच आठवडा उलटला. शुभदाने पाटावरची फुलं उचलली आणि विचारलं, "बॅगेत भरू?"

प्रसन्न पॉलिक्लिनिकचा कागद वाचत होता. आदल्याच दिवशी दोघं जाऊन आली होती, आणि तिथून पुढं मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळाली होती. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं होतं, ते लांबलचक इंग्रजी नाव. शुभदाने ते दोनदा विचारून घेतलं होतं. बरं होत नाही, हळूहळू वाढतं, असंही डॉक्टर शांतपणे म्हणाला होता.

"राहू देत तिथंच," प्रसन्न म्हणाला.

"लिमचा फोन आला होता. कुठलीशी जुनी गाडी आलीय म्हणाला, काचेच्या चौकटीचं काम आहे."

"त्याला सांगतो मी."

तिने फुलं टाकून दिली. हत्यारं पाटावर तशीच राहिली, कुंकवाची बोटं उमटलेली. समईला जागा पुरेना म्हणून तिने पाट जरा भिंतीकडे सरकवला. मग ती चहा करायला आत गेली. आधण ठेवलं, दूध घातलं, सवयीने मग पुढे ओढला.

"शुभदा," तो बाहेरून म्हणाला.

"काय?"

"अर्धाच भर. माझ्या हातून सांडतो."

मग तिने अर्धा मग भरला, त्याच्यासमोर आणून ठेवला, आणि उरलेला चहा ह्या वेळी मोरीत न ओतता पातेल्यातच राहू दिला.